खाडा नसलेली खानावळ

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घर सोडून शहरात राहिलेल्या माणसाला खानावळ म्हणजे काय आणि खाडा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि दोन वेळचे ताट नक्की करायचे. गावी जायचे असेल, कुणाकडे लग्नकार्य असेल, तर आदल्या दिवशी सांगून खाडा धरायला लावायचा. महिनाअखेरीस तेवढी ताटे वजा होतात. ज्या खानावळीत खाडा धरत नाहीत, तिथे नाव घालण्यापूर्वी शहाणा विद्यार्थी दोनदा विचार करतो. न खाल्लेल्या ताटाचे पैसे देणे कष्टकऱ्याच्या मुलाला परवडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही अमेरिकेत अशीच एक खाडा न धरणारी खानावळ पाहिली. फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो शहराजवळ 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' नावाची प्रचंड मनोरंजननगरी आहे. तिथे मुक्कामाला येणाऱ्या कुटुंबांना जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याची एक योजना मिळते. ती घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नावर आमच्या घरात दोन रात्री चर्चा झाली. आज आपल्या वस्त्यांतून शिकून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली परदेशात नोकरी करतात, आईवडिलांना, भावाबहिणीला चार दिवस तिकडे बोलावून घेतात. लहान मुले बरोबर असली की डिस्नेचा हट्ट ठरलेला. तेव्हा आमच्या वाचक बंधू-भगिनींपैकी कुणाच्या तरी पुढे हा प्रश्न उद्या येणारच. म्हणून हा हिशेब आणि त्याबरोबर त्या जागेची हकिकत सविस्तर सांगत आहोत.

आमचा धाकटा भाऊ टॅम्पा शहरात अभियंता आहे. त्याची पत्नी तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांना नऊ वर्षांची एक मुलगी. आम्ही अर्जित रजा टाकून, तिकिटासाठी पतपेढीचे कर्ज काढून, सहचारिणीसह महिनाभरासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. भावजयीला सुटी मिळाली नाही, म्हणून डिस्नेला आम्ही दोघे, भाऊ आणि पुतणी असे चौघे जाणार होतो. मुक्काम तीन रात्रींचा. दोन दिवसांची प्रवेश-तिकिटे आणि हॉटेलची खोली भावाने आधीच घेऊन ठेवली होती. राहिला होता तो जेवणाचा प्रश्न.

आता ही योजना काय आहे ते पाहू. डिस्नेने ती २००५ साली सुरू केली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत सारेच बंद पडले, त्यात तीही बंद झाली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यालाच ती मिळते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दर रात्रीमागे माणशी दोन जेवणे मिळतात, पण ती खिडकीवरून ताट उचलून आणायची साधी जेवणे. प्रत्येक जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. शिवाय एक वेळचे वरखाणे, म्हणजे आइस्क्रीम, पॉपकॉर्न यांसारखे काही, आणि हॉटेलात पुन्हा पुन्हा चहा, कॉफी, सरबत भरून घेता येईल असा एक मग. दुसऱ्या प्रकारात दोनपैकी एक जेवण खुर्चीवर बसून, वाढप्याने आणून दिलेले. बाकी तसेच.

२०२५ सालचे दर असे होते. पहिल्या प्रकाराला प्रौढ माणसाला रात्रीमागे ६० डॉलर ४७ सेंट, मुलाला २५ डॉलर ४० सेंट. दुसऱ्याला प्रौढास ९८ डॉलर ५९ सेंट, मुलास ३० डॉलर ५६ सेंट. मूल म्हणजे वय वर्षे तीन ते नऊ. दहावे लागले की ते डिस्नेच्या दप्तरी प्रौढ होते. तीन वर्षांखालच्याला पैसे नाहीत, त्याने आईच्या ताटातले खावे. एका खोलीतल्या सर्वांनी एकच योजना घ्यायची आणि मुक्कामाच्या सर्व रात्रींसाठी घ्यायची. आजी थोडे खाते म्हणून तिला वगळा, असे चालत नाही. मुक्काम संपल्याच्या दिवशी मध्यरात्री जे जेवण शिल्लक राहील ते बुडाले. परतावा नाही. म्हणजेच खाडा नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आणि नोकरीही आकडे लिहिण्याची. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन प्रौढ, एक मूल, तीन रात्री. पहिल्या प्रकाराचे झाले ६२० डॉलर ४३ सेंट, दुसऱ्याचे ९७८ डॉलर ९९ सेंट. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर पहिला आकडा साडेचोपन्न हजारांच्या वर जातो आणि दुसरा शहाऐंशी हजारांच्या. तीन रात्रींचे जेवण! भारतात आमची थोरली बहीण आहे. तिची मुलगी नर्सिंग शिकते आणि तिच्या फीचा निम्मा भार हाच भाऊ उचलतो. तो आकडा ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर पहिली भाचीच आली.

परंतु रक्कम मोठी दिसते म्हणून योजना महाग, असे म्हणणे हा काही हिशेब नव्हे. तीच जेवणे रोख घेतली तर किती पडतील, ते पाहिले पाहिजे. तिथल्या खिडकीवरचे साधे ताट साधारण पंधरा डॉलरला पडते. पेय पाचाच्या आसपास. वरखाणे सात. म्हणजे दिवसाची दोन ताटे, दोन पेये आणि एक वरखाणे मिळून झाले ४७ डॉलर. त्यावर त्या भागाचा साडेसहा टक्के विक्रीकर धरून ५०. मगाची किंमत साधारण २२ डॉलर, ती करासह तीन रात्रींत वाटली तर रोजचे ८. एकूण ५८ डॉलर. योजनेचा दर ६० डॉलर ४७ सेंट, आणि त्यात कर धरलेला आहे. म्हणजे मधल्या किमतीची ताटे घेणारा दोन-अडीच डॉलर गमावतो, आणि सतरा-अठरा डॉलरची महाग ताटे निवडणारा तेवढेच कमावतो. दर ठरवणाऱ्याने मापात तसूभर चूक केलेली नाही.

खरी गोम इथेच आहे. हा हिशेब जुळतो तो दोन पेये आणि एक मग धरून. ती वस्तू एरवी आपण विकत घेतली असती काय? डिस्नेच्या उद्यानात पेये विकणाऱ्या कुठल्याही खिडकीवर बर्फाच्या थंड पाण्याचा पेला मागितला तर फुकट मिळतो. मग फक्त हॉटेलात चालतो, उद्यानात नाही. आणि दिवसभर आपण उद्यानात. पेये आणि मग वजा केले तर तेच दिवसाचे खाणे करासह साडेएकोणचाळीस डॉलरच्या आत बसते. माणशी रात्रीमागे एकवीस डॉलरचा फरक. तीन प्रौढ, तीन रात्री, म्हणजे १८९ डॉलर, साडेसोळा हजार रुपये. हे पैसे कशाचे? न लागलेल्या तहानेचे.

मुलांचा दर मात्र रास्त आहे, हेही सांगितले पाहिजे. मुलांचे ताट आठ-नऊ डॉलरला मिळते, त्यात पेय आलेच. दोन ताटे आणि एक वरखाणे कर धरून योजनेच्या दरापेक्षा थोडे अधिकच भरते.

आम्ही कागद भावापुढे सरकवला. त्याने तो पाहिलाच नाही. म्हणाला, "दादा, हिशेब मलाही येतो. मला ती योजना नफ्यासाठी घ्यायची नाही. तू हॉटेलात गेलास की यादीची उजवी बाजू आधी वाचतोस. सगळ्यात स्वस्त काय ते शोधतोस आणि मग म्हणतोस, मला तेच आवडतं. तीन दिवस तुला किमती दिसायलाच नकोत, म्हणून आधी भरून टाकायचे."

आम्हाला उत्तर सुचले नाही. भावाचे शिक्षण आमच्या पगारातून झाले. वसतिगृहात असताना तो आठवड्यातून दोन वेळा खानावळीत खाडा धरायला लावी आणि महिनाअखेर उरलेल्या पैशांतून पुस्तके घेई. हे त्याने आम्हाला कधी सांगितले नाही. पुढे त्याच्या मित्राकडून कळले. ज्याने भुकेचे खाडे मोजून पुस्तके घेतली, त्याला आज आपल्या थोरल्या भावाला किमतीकडे न पाहता जेवू घालायचे आहे. हा काही उधळेपणा नव्हे. त्याच्यापुढे आमचे १८९ डॉलर फार लहान दिसू लागले.

आगाऊ भरण्याच्या बाजूचा हाच खरा मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी जन्मभर दर विचारून मगच हात पुढे केला, त्यांना एखादे दिवस दर न विचारण्याचे सुख हवेसे वाटते. मुलांपुढे "हे नको, महाग आहे" असे दहा वेळा म्हणावे लागले की सहलीचा आनंद विटतो. पैसे आधीच गेलेले असले म्हणजे ते दुःख एकदाच होते.

वाट काढली ती आमच्या सहचारिणीने. त्या म्हणाल्या, "भावजी, पैसे आधी बाजूला काढायचे ना? मग काढा. पण त्यांच्या पेटीत कशाला टाकता? आपल्याच पाकिटात टाका. ते पाकीट जेवणाचं. त्यातून खर्च करताना यांनी तोंड उघडायचं नाही. उरले तर आपले." पुतणीने लगेच सांगितले की तसले पाकीट तिथे मिळते. डिस्नेचे भेटकार्ड असते, त्यात हवी तेवढी रक्कम भरायची आणि उद्यानातल्या खिडक्यांवर, उपाहारगृहांत ते दाखवून पैसे द्यायचे. त्याला मुदत नाही. भावाने पाचशे डॉलर भरून ते कार्ड पुतणीच्या हाती दिले आणि तिला खजिनदार केले. किंमत विचारायची नाही, अशी अट आम्हाला घालण्यात आली. आम्ही ती मान्य केली.

टॅम्पाहून डिस्ने शंभर-सव्वाशे किलोमीटर. चार क्रमांकाच्या महामार्गाने दीड तासात पोहोचलो. हे सारे सुमारे पंचवीस हजार एकरांचे आहे. त्यात चार मोठी उद्याने, दोन जलक्रीडांगणे, कितीतरी हॉटेले आणि तळी आहेत. मोठी उद्याने एकदम झाली नाहीत. पहिले 'मॅजिक किंगडम' १९७१ साली, 'एपकॉट' १९८२ साली, आज 'हॉलिवुड स्टुडिओज' म्हणतात ते १९८९ साली आणि 'ॲनिमल किंगडम' १९९८ साली.

आमचे हॉटेल 'पॉप सेंच्युरी'. ते २००३ साली उघडले आणि डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांत मोडते. विसाव्या शतकातल्या एकेका दशकाला वाहिलेल्या इमारती. बाहेर चार मजली खेळणी उभी केलेली. एके ठिकाणी बोलिंगच्या खेळातले खुंट, एके ठिकाणी भोवऱ्यासारखा यो-यो, एके ठिकाणी रंगीत चौकटींचा ठोकळा. खोलीत लहानसा फ्रीज होता. अन्न गरम करण्याचे यंत्र खोलीत नव्हते, पण खालच्या मोठ्या उपाहारगृहात होते आणि ते कुणालाही वापरता येते. भावजयीने ड्युटीवर जाण्यापूर्वी कोंबडीचा रस्सा आणि भाकऱ्या करून दिल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी तोच रस्सा गरम करून, शेजारच्या टेबलावर पिझ्झा खाणाऱ्या कुटुंबाच्या बाजूला बसून आम्ही जेवलो. कुणी वळून पाहिले नाही, कुणी हटकले नाही. पुतणीने कार्डावरून फक्त एक आइस्क्रीम घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतच चहा, पाव आणि केळी असा नाश्ता केला. पिशवीत पराठे, शेंगदाण्याची चटणी, सफरचंदे आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिस्ने वर्ल्डच्या उद्यानांत घरचे खाणे नेण्यास बंदी नाही. काचेची भांडी नकोत, दारू नको, डब्यात सुटा बर्फ नको, एवढेच. दाराशी पिशव्या तपासतात, पण डबा काढून ठेवायला सांगत नाहीत. आपल्याकडील पुष्कळ करमणुकीच्या जागी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून आपला माणूस विचारण्याआधीच डबा घरी ठेवतो. विचारून पाहावे.

हॉटेलची बस फुकट आहे. तिने 'मॅजिक किंगडम'च्या दाराशी उतरवले. समोर सिंड्रेलाचा राजवाडा, १८९ फूट उंच. सगळी माणसे मान वर करून त्याच्याकडे चालू लागतात. आम्ही मात्र दाराजवळच्या चौकात थांबलो. तिथे एका बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसलेले दाखवले आहेत, शेजारी मिनी नावाची उंदरीण. पुतळा आहे रॉय डिस्ने यांचा. भावाने त्यांची हकिकत सांगितली, ती वाचकांनाही सांगण्याजोगी आहे.

वॉल्ट डिस्ने यांचे नाव जगाला माहीत आहे. रॉय हे त्यांचे आठ वर्षांनी थोरले भाऊ. तरुणपणी ते कॅन्सस सिटीत बँकेत नोकरी करीत होते. १९२३ साली दोघा भावांनी मिळून चित्रपटांचा व्यवसाय सुरू केला. धाकट्याने चित्रे आणि कल्पना काढाव्यात, थोरल्याने पैसा उभा करावा आणि हिशेब सांभाळावा, अशी वाटणी. फ्लोरिडातील या नगरीची जमीन घेऊन झाली, आराखडे सुरू झाले आणि डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट वारले. रॉय तेव्हा निवृत्त होण्याच्या बेतात होते. त्यांनी निवृत्ती पुढे ढकलली, पैसा जमवला, काम पुरे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडले. नाव 'डिस्ने वर्ल्ड' ठरले होते. रॉय यांनी आग्रहाने 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' करायला लावले, धाकट्याचे नाव लोकांनी विसरू नये म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. वय ७८.

आम्ही त्या बाकाशी थोडा वेळ उभे राहिलो. हिशेब लिहिणाऱ्या थोरल्या भावांचे पुतळे जगात फार नसावेत.

दुपारी उद्यानातल्या 'कोलंबिया हार्बर हाऊस' नावाच्या उपाहारगृहात गेलो. तिथे मासळी मिळते. भाजलेला मासा आणि भात असे एक ताट, तळलेल्या मासळीचे एक, आणि दोन ताटे मुलांची. मुलांचे ताट मोठ्या माणसालाही रोखीने घेता येते आणि सहचारिणींना तेवढेच पुरले. योजना घेतली असती तर त्यांचे जेवण प्रौढाचे म्हणून आधीच पूर्ण किमतीला गेले असते. त्या ताटातला निम्मा भाग त्यांनी एक तर टाकला असता किंवा पैसे वसूल करायचे म्हणून बळेच खाल्ला असता. पैसे वसूल करायला खाणे ही वाईट सवय आहे. लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात पोटभर खाण्याच्या जागी आपण ती पाहतो. तिची किंमत शेवटी पोट देते.

बाहेर उन्हात एका शेजारच्या कुटुंबाशी बोलणे झाले. त्यांनी योजना घेतली होती. बाई हसून म्हणाल्या, की उद्या सकाळी निघायचे आहे आणि नावावर अजून अकरा वरखाणी शिल्लक आहेत. आता रात्री दुकानातून बिस्किटांची पाकिटे घेऊन ती संपवायची. त्यांना त्याचे दुःख नव्हते, तीन मुले मजेत होती. पण त्यांच्या डोक्यातही हिशेब चालूच होता. आगाऊ भरले म्हणजे मोजणे संपते, असे नाही. आधी पैसे मोजायचे, मग उरलेली ताटे मोजायची.

तिसरा दिवस 'एपकॉट'चा. हॉटेलच्या तळ्यावरून हवेत लोंबणाऱ्या पाळण्यांची वाट आहे. ती २०१९ साली सुरू झाली. मध्ये एकदा पाळणा बदलून आपण फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधल्या दाराने आत उतरतो. कारण इथे एका मोठ्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड आणि कॅनडा. ज्या त्या देशाच्या बांधणीची घरे, दुकाने, खाणे. भारताचे दालन त्यात नाही. पुतणीने प्रत्येक दालनात थांबून नाव वाचले आणि शेवटी तेवढेच विचारले, की आपले कुठे आहे? आम्ही म्हटले, मोठी होऊन तू बांध.

उद्यानाच्या मुख्य दाराशी १८० फूट उंच चंदेरी गोल आहे. त्याच्या पोटात लहान गाड्यांत बसवून नेतात आणि गुहेतल्या चित्रांपासून कागद, छापखाना, तार, संगणक असा माणसाने माणसाशी बोलण्याचा इतिहास दाखवतात. आम्हाला सर्व डिस्नेत हाच देखावा अधिक आवडला. छापखान्याचा खिळा जुळवणारा माणूस दिसला तेव्हा सहचारिणींनी आम्हाला कोपराने ढोसले. आमच्या वडिलांनी उभी हयात छापखान्यात काढली आहे.

दुपारी जपानच्या दालनात कोंबडी-भात खाल्ला. पाणी फुकटचे. संध्याकाळी पिशवीतले पराठे तळ्याकाठी. पुतणी कार्ड पुढे करी, आम्ही दुसरीकडे पाहत असू. अट पाळली.

शेवटच्या दिवशी खोली सोडून भावाने गाडी 'ॲनिमल किंगडम लॉज' या हॉटेलाकडे घेतली. तिथे 'साना' नावाचे उपाहारगृह आहे. खायला आफ्रिकेचे पदार्थ, त्यांना भारतीय मसाल्याची चव. खिडकीबाहेर मोकळे रान, त्यात जिराफ आणि झेब्रे चरत होते. तिथे रहायला नसलेल्यालाही जेवता येते. उद्यानाचे तिकीट लागत नाही. इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या रोट्या. बरोबर रायते, चिंच, आंबा, कोथिंबीर अशा चटण्या-लोणच्यांचे नऊ प्रकार. वीस-पंचवीस डॉलरला ते मिळते आणि चौघांचे निम्मे जेवण त्यातच होते. गंमत अशी की महागड्या दुसऱ्या योजनेत जेवणाआधीचे पदार्थ धरलेले नाहीत, आणि रोट्या त्याच सदरात येतात. ज्यासाठी आम्ही तिथे गेलो, तेच योजनेबाहेर. शिवाय वाढप्याची बक्षिसीही योजनेत नसते. अमेरिकेत ती बिलावर अठरा-वीस टक्के द्यावी लागते, कारण वाढणाऱ्याच्या मिळकतीचा मोठा भाग तोच असतो. योजना घेणाऱ्याने ती रोकड वेगळी ठेवली पाहिजे. ते कष्टाचे पैसे बुडवू नयेत.

टॅम्पाला परतल्यावर पुतणीने हिशेब सादर केला. कार्डावरून गेले साधारण ३७० डॉलर, त्यात 'साना'चे बिल आणि बक्षिसीही आली. निघण्यापूर्वी दुकानातून पाव, केळी, फळे घेतली त्याचे ४० धरले, तर एकूण ४१०. पहिल्या योजनेला ६२० लागले असते आणि तिच्यात 'साना' बसलेच नसते. २१० डॉलर, म्हणजे अठरा हजारांच्या वर रुपये वाचले. उपाशी कुणी राहिले नाही. कार्डावरचे १३० डॉलर कार्डावरच आहेत, मध्यरात्र झाली म्हणून बुडाले नाहीत. भाऊ खूश होता, कारण आम्ही तीन दिवसांत एकदाही किंमत विचारली नव्हती.

मग ही योजना कुणी घ्यावीच नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना रोज एक वेळ मिकीच्या पंगतीला बसायचे आहे, जिथे वेश घातलेली पात्रे टेबलाशी येऊन मुलांबरोबर छायाचित्र काढतात, त्यांना एका जेवणालाच साठ-सत्तर डॉलर पडतात. त्यांना दुसरा प्रकार परवडेल. ज्यांना प्रत्येक जेवणाबरोबर पेय लागतेच, त्यांनाही परवडेल. आणि २०२६ सालासाठी डिस्नेने जाहीर केले की मुक्कामी कुटुंबातील प्रौढांनी योजना घेतली तर तीन ते नऊ वर्षांच्या मुलांची योजना फुकट. आईवडील आणि तीन लहान मुले असे कुटुंब असेल, तर २०२५ च्या दराने धरूनही रात्रीमागे १२१ डॉलरच्या आत पाच जणांचे होते. तिथे हिशेब सरळ योजनेच्या बाजूला झुकतो. त्याच घरात मुले बारा-चौदा वर्षांची असतील, तर पारडे उलटे फिरते. सोबत म्हातारी माणसे, कमी खाणारी, डबा न्यायला न लाजणारी असतील, तर योजना घेण्याचे कारणच उरत नाही.

दर वर्षी दर बदलतील, नियम बदलतील. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षीचा दर पाहावा आणि आपल्या घरातल्या माणसांची वये एका कागदावर लिहावीत. प्रत्येकाने नेहमीसारखे खाल्ले तर किती लागेल, ते मांडावे. योजना जे देते ते मांडू नये, आपण जे खातो ते मांडावे. यात घरातल्या बायकांना आधी विचारावे. कोण किती खातो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते. दोन आकड्यांत थोडाच फरक निघाला आणि मनाची शांती हवी असेल, तर खुशाल योजना घ्यावी. फरक मोठा निघाला, तर तेवढीच रक्कम आपल्याच नावाच्या कार्डावर वा पाकिटात आधी बाजूला काढावी आणि मोकळ्या हाताने खर्च करावी.

गावच्या जत्रेत, लोणावळ्याच्या सहलीत, शाळेच्या शैक्षणिक सहलीत, कुठेही "जेवणासह" असे लिहिलेले दिसले की हाच नियम लावता येतो. आधी एकच प्रश्न विचारावा: जेवलो नाही तर खाडा धरणार का?